मनगटावरचं पाणी

माझ्या सासऱ्यांना सगळं दातांचं रुग्णालय कोमटकाका म्हणायचं. हे नाव आपल्याला आवडत नाही असं ते सांगत, पण कुणी नुसतं ‘काका’ अशी हाक मारली तर वळून बघायला त्यांना अंमळ उशीर व्हायचा, आणि ‘कोमटकाका’ म्हटलं की लगेच ओ द्यायचे. एकतीस वर्षं त्यांनी एकाच खोलीत काम केलं. तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, लांबट खोली. एका टोकाच्या खिडकीतून वापरलेली हत्यारं आत यायची, दुसऱ्या टोकाच्या खिडकीतून निर्जंतुक होऊन बाहेर जायची. मधली बारा पावलं म्हणजे त्यांचं राज्य.

लग्नानंतर दोन वर्षांनी मी त्या खोलीत कामाला लागले. जागा निघाली, मी अर्ज केला, मुलाखतीत माझी उत्तरं मी दिली. हे मुद्दाम सांगते, कारण ‘सासऱ्याने चिकटवली’ असं म्हणणारे अजून आहेत आणि त्यांच्याशी मी अजून भांडते. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, “इथे मी काका, घरी बाबा. इथली चूक घरी जेवताना काढणार नाही. पण इथे सोडणारही नाही.” आणि खरंच सोडलं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून दातांवरचा थर खरवडायची एकच तासणी नऊ वेळा धुऊन घेतली. दहाव्या वेळी मी ती त्यांच्या टेबलावर आपटली, तेव्हा म्हणाले, “आता बरी धुतलीस. रागात हात चांगला चालतो तुझा.”

नवीन आलेल्या प्रत्येकाला, मग तो मदतनीस असो नाहीतर डॉक्टर होऊ घातलेला विद्यार्थी, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. “उकडलेलं अंडं परत पातळ करता येतं का?” पोरं हसायची. काका हसायचे नाहीत. “रक्ताचंही तसंच. गरम पाण्यात टाकलंत की ते शिजतं आणि पोलादाला धरून बसतं. मग बसा घासत. म्हणून पहिलं पाणी कोमट. गार नको, कारण मळ खाणारं जे औषध आपण पाण्यात घालतो ते गारठ्यात झोपा काढतं. गरमही नको, गरमात ते मरतं.” मग ते डाव्या हाताचा कोपरापर्यंतचा रबरी मोजा मागे सारायचे, चिमणीएवढ्या मगाने टबातलं पाणी मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतायचे आणि निकाल द्यायचे, “कोमट.” भिंतीवर खिळ्याला तापमापक टांगलेला होता. नियमात तो वापरायचा होता. काका त्याला काचेची काडी म्हणायचे आणि वर्षातून एकदा तपासणीची माणसं यायची त्याच्या आदल्या दिवशी त्याच्यावरची धूळ पुसायचे. त्यांचं मनगट आणि ती काडी यांची मी गंमत म्हणून कितीतरी वेळा गाठ घालून पाहिली होती. एका अंशाचाही फरक पडायचा नाही.

मग ते नवीन मशीन आलं. त्याआधी आमच्याकडे सगळं वाफेच्या मशीनमध्ये जायचं. वाफ रागीट असते. तिच्यात काहीही घाला, जिवंत म्हणून काही उरत नाही. पण दात कोरायच्या हँडपीसमधलं बारीक चक्र, दाताच्या मुळात डोकावणारा छोटा कॅमेरा, मऊ नळ्या, हे सगळं त्या उष्णतेने लवकर मोडीत निघायचं. नवीन मशीन पन्नास अंशांच्या आसपास चालायचं आणि आत एका औषधाची कोरडी वाफ सोडायचं. विकणाऱ्या माणसाने वरच्या मजल्यावर डॉक्टरांना तासभर चित्रं दाखवली. खाली येऊन त्याने तेच आम्हाला दाखवायला घेतलं, तेव्हा काकांनी त्याला मध्येच थांबवलं.

“म्हणजे ही वाफ जिथे पोचेल तिथलंच मारणार. मळाच्या खाली नाही शिरणार. बरोबर?”

“बरोबर. म्हणून आधी स्वच्छ धुतलेलं आणि अगदी कोरडं असावं लागतं.”

“म्हणजे सगळी मदार धुणाऱ्यावर,” काका म्हणाले आणि माझ्याकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या. इतकं खूश झालेलं मी त्यांना नातीच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून वाफेचं मशीन माझं आणि नवीन मशीन त्यांचं अशी वाटणी झाली. धुणं, नळीत हवा मारून सुकवणं, भिंगाखाली बघणं, त्या मशीनच्या खास पिशवीत बंद करणं, औषधाची वाफ लागली की रंग बदलणारी पिशवीवरची पट्टी जांभळ्याची पिवळी झाली की नाही ते पाहणं, सगळं तेच करायचे. हँडपीसला तर ते दुसऱ्या कुणाला हातच लावू देत नसत. “हे हत्यार थांबताना तोंडातलं थोडं आत ओढून घेतं आणि पुढच्या तोंडात सोडतं,” असं सांगायचे. “म्हणजे याचं पोट धुवायला हवं, नुसतं तोंड नाही.”

निवृत्तीला अकरा महिने राहिले होते तेव्हाची गोष्ट. सकाळी मी दूध तापवून स्टीलच्या पेल्यात ओतलं आणि ‘निवू दे’ म्हणून ओट्यावर ठेवलं. बाबा आले, पेला उचलला, पेपर वाचत उभे राहिले. मी वळून पाहिलं तर पेल्यातून वाफ येतेय आणि यांची बोटं त्याभोवती घट्ट. मी तो हिसकावून घेतला, माझा तळवा भाजला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या तीन बोटांवर फोड आले.

“चामडी जाड झालीय,” ते म्हणाले.

“जाड काय, गेंड्याची झालीय का? डॉक्टरला दाखवा.”

दाखवलं. साखरेचा आजार त्यांना बारा वर्षं होता. पायांची बधिरता आम्हाला माहीत होती, आता ती हातांत चढली होती. डॉक्टरने मनगटावर गार आणि गरम अशा दोन नळ्या लावल्या आणि ओळखायला सांगितलं. बाबा दोन्ही वेळा म्हणाले, “कोमट.” मी हसले. मला वाटलं ते थट्टा करतायत. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि माझं हसू तोंडातच विरलं.

परत येताना बसमध्ये ते खिडकीच्या गजावर बोटं दाबून बघत होते. आमच्या थांब्याच्या आधी म्हणाले, “अकरा महिने. एकतीस वर्षांत माझ्या नावावर एक लाल शेरा नाही. शेवटच्या दिवशी मला त्या दारातून मान वर करून बाहेर पडायचंय, एवढंच मागणं आहे. तू कुठे बोलू नकोस.”

मी बोलले नाही. माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही. आणि मी, जी कुणाच्या बापाचं ऐकून घेत नाही, मी रोज सकाळी त्यांच्या आधी टबापाशी जायचे, दोन्ही नळ सोडायचे, काचेची काडी बुडवून पाणी बेताचं करायचे आणि काडी परत खिळ्याला लावायचे. मग ते यायचे, मोजा मागे सारायचे, मनगटावर पाणी ओतायचे आणि विद्यार्थ्यांना सांगायचे, “कोमट.” विद्यार्थी माना डोलवायचे. मीही डोलवायचे. या प्रकाराला काय म्हणतात ते मला कळत नव्हतं असं नाही. पण पाणी बरोबर असायचं, हत्यारं स्वच्छ निघायची, म्हाताऱ्या माणसाची लाज राहायची. कुणाचं काही बिघडत नव्हतं, असं मी स्वतःला पटवलं होतं.

चार महिने असे गेले. मग माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मला सोमवार ते गुरुवार सुट्टी घ्यावी लागली. निघताना मी त्यांना घरात बाजूला घेऊन म्हटलं, “बाबा, चार दिवस काडी वापरा. मला वचन द्या.”

“वापरतो गं. तू आईकडे बघ.”

शुक्रवारी मी कामावर आले. खोलीत शिरताच पहिलं काय जाणवलं तर खिडकीच्या काचा आतून घामेजलेल्या होत्या. टबाशी गेले, बोट बुडवलं आणि झटकन बाहेर काढलं. थंडी वाढली म्हणून फरशी पुसणाऱ्याने सोमवारीच गिझरचा काटा वर सरकवून ठेवला होता, हे नंतर कळलं. काका पलीकडे पाठमोरे उभे राहून पिशव्या बंद करत होते. काडी खिळ्यालाच होती. सुट्टीआधी कामाच्या शेवटच्या दिवशी मी तिचा दोरा जसा उलटा गुंडाळून ठेवला होता, तसाच तो होता.

वरच्या मजल्यावरून एक हँडपीस सकाळीच परत आला होता. ‘घरघरतोय’ अशी चिठ्ठी त्याला बांधलेली होती. मी तो भिंगाखाली धरला. बाहेरून लख्ख. मागची टोपी उघडली. आत चक्राच्या कडेला तपकिरी वळं बसलं होतं, सुईच्या टोकाने खरवडलं तर शिजलेल्या रक्ताचे पापुद्रे निघाले. दुसरा उघडला. तिसरा उघडला. अकराच्या अकरा हँडपीसच्या पोटात तेच. सगळ्यांच्या पट्ट्या पिवळ्या, मशीनचे सगळे कागद बिनचूक. मशीनचा काय दोष, ते बिचारं वरवरचं मारून मोकळं झालं होतं.

“काका, इकडे या,” मी म्हणाले. मग दार लावून घेतलं. “बाबा, हे बघा.”

त्यांनी पाहिलं. चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं. बोटाने चाचपायला गेले, मग बोटाला काही कळणार नाही हे त्यांनाच आठवलं असावं, हात तसाच हवेत राहिला.

“वचन दिलं होतंत मला!” मी दबक्या आवाजात ओरडले. “काय झालं होतं ती काडी घ्यायला?”

“सोमवारी सहा विद्यार्थी होते इथे,” ते म्हणाले. “माझ्याकडे बघत होते. मी काडीला हात घातला असता तर त्यांना कळलं असतं. वाफ दिसत होती मला. म्हटलं, थंडीचे दिवस आहेत, कोमट पाण्यालाही दिसते वाफ.” मग म्हणाले, “आणि एकदा सोमवारी नाही घेतली, मग मंगळवारी कशी घ्यायची?”

मला त्यांचा राग आला होता, आणि त्याच वेळी त्यांची दयाही आली होती. मी स्टुलावर बसले. माझ्या तोंडून जे निघालं ते मी कधी विसरणार नाही. मी म्हणाले, “परत धुऊ सगळे. रात्रभर भिजत घालू, दोनदा फिरवू. कुणाला कळणार आहे?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांची सून असून एखाद्या परक्या बाईकडे बघावं तसं. मग त्यांनी वही उघडली. कुठल्या पिशवीतलं हत्यार कुठल्या रोग्याला वापरलं, त्याचा क्रमांक आमच्याकडे लिहिलेला असतो. चार दिवसांचे क्रमांक त्यांनी एका कागदावर उतरवून काढले. हळूहळू, सावकाश, चांगल्या अक्षरात. अडुसष्ट निघाले. कागद घेऊन ते जिना चढायला लागले. पायांत संवेदना नसल्यामुळे ते प्रत्येक पायरीकडे बघत चढायचे. मी मागे होते.

मुख्य डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आमच्या या मॅडम चिडल्या की आवाज खाली नेतात, त्या दिवशी तर तो ऐकू येईनासा झाला. “हात बधिर आहेत हे कधीपासून माहीत होतं?”

“चार महिने,” बाबा म्हणाले.

“आणि खोलीत दुसऱ्या कुणाला माहीत होतं?”

“कुणालाच नाही.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. घरी पाच वर्षांची मुलगी होती, नवऱ्याचं काम सुटून दोन महिने झाले होते. ही कारणं खरी आहेत. पण त्या क्षणी मला त्यातलं एकही आठवलं नव्हतं. मी नुसती घाबरले होते. मी मान खाली घातली आणि मॅडमनी त्याचा अर्थ त्यांना हवा तो घेतला.

बाबांना त्याच दिवशी घरी पाठवलं. कागदावर ‘निष्काळजीपणा’ असा शब्द आला. अडुसष्ट माणसांना फोन गेले. प्रत्येकाचं रक्त लगेच तपासायचं, मग दीड महिन्याने, मग तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. आणि बाबांच्या जागी त्या खोलीची जबाबदारी कुणाकडे द्यायची, तर माझ्याकडे. काम मला चांगलं येत होतं आणि माझ्या नावावर एकही लाल शेरा नव्हता.

तपासणीच्या प्रत्येक दिवशी बाबा यायचे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. रक्त घ्यायच्या खोलीबाहेरच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि येणाऱ्या माणसाला उठून सांगायचे, “ती हत्यारं मी धुतली होती.” काहीजण मान फिरवून आत जायचे. एका शिक्षिकेने त्यांना तासभर झापलं आणि ते शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले. एका बाईला दिवस गेले होते, ती नुसती रडली, आणि तिच्यासोबत आलेल्या रंगाऱ्याने, तिच्या नवऱ्याने, बाबांची कॉलर धरून त्यांना भिंतीशी नेलं. मी खोलीतून धावत गेले. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “राहू दे. धरू दे त्याला.” रंगाऱ्याच्या बोटांवर पिवळा रंग वाळलेला होता. तेव्हा बोलायला हवं होतं मी. तिथे, त्या माणसासमोर. मी फक्त त्याचा हात सोडवला.

घरी या विषयावर आम्ही बोलायचो नाही. ते नातीला शाळेत सोडायचे, भाजी निवडायचे, चाकू मात्र मी त्यांना देत नसे. आमच्यात वाद व्हायचे ते दूरदर्शनच्या आवाजावरून. पण रात्रीचं जेवण झालं की ते कॅलेंडरसमोर उभे राहायचे. त्या बाईचं बाळ सुखरूप जन्मलं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ नळ चालू होता.

सहा महिने उलटल्यावर एका मंगळवारी शेवटचा अहवाल आला. अडुसष्टातल्या कुणालाही आमच्या हत्यारांपासून काही लागलं नव्हतं. मॅडमनी मला बोलावून कागद दाखवला आणि पहिल्यांदाच थोडं हसल्या. “काकांना सांगा,” म्हणाल्या. “सुटले बिचारे.”

मी कागद वाचला. मग म्हणाले, “मॅडम, मला माहीत होतं. त्यांच्या हातांचं. चार महिने पाणी मीच बेताचं करत होते. सुट्टीवर गेले तेव्हा सांगून जायला हवं होतं, ते मी केलं नाही. आणि त्या शुक्रवारी परत धुऊन गप्प बसू असंही मीच म्हटलं होतं. ते नाही म्हणाले.”

मॅडमनी चष्मा काढला. “हे तेव्हा बोलला असतात तर त्या माणसाला एकट्याला…” एवढंच म्हणून थांबल्या. मग आवाज खाली गेला. “लेखी द्या. आणि उद्यापासून येऊ नका.”

घरी पोचले तेव्हा दिवेलागणी झाली होती. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मी चप्पल काढायच्या आत त्यांनी विचारलं, “आलं का शेवटचं?”

“आलं. सगळे ठीक आहेत. अडुसष्टच्या अडुसष्ट.”

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, बहुधा आकडे मोजत असावेत. मग मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली. मॅडमना काय बोलले, आणि त्या काय म्हणाल्या.

बाबा ताडकन उठले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. “कुणी सांगितलं होतं तुला? सगळं संपलं होतं! तुला त्यातून बाहेर ठेवलं, तेवढं एक काम मी त्या दिवसांत नीट केलं होतं. तेही घालवलंस!”

“नव्हतं नीट झालं,” मी म्हणाले. माझी जीभ अशीच, तेव्हाही आवरली नाही. “वरून स्वच्छ दिसत होतं, बाबा. आत तसंच होतं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग परत खुर्चीत बसले आणि रडायला लागले, तोंड न झाकता, लहान मुलं रडतात तसे. सहा महिन्यांत कुणी कॉलर धरली तरी मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या पायांशी फरशीवर बसले आणि त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. त्यांची नजर खिडकीबाहेर होती, आणि बोटं आपली तशीच सैल पडून होती. म्हणून मी त्यांना सांगितलं, “बाबा, मी तुमचा हात धरलाय.”